शिंप्याची गोष्ट

३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच ठेवून द्याल, म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतलाय. रागावू नका. काम अगदी छोटं आहे.

तुम्ही आपल्या हॉस्पिटलच्या औषध विभागात होता, तेव्हा एका म्हाताऱ्या शिंप्याच्या गोळ्यांचा घोळ झाला होता. आठवतं? सांधेदुखीची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि लेबल गेलं ‘रोज एक’. दुपारी चिठ्ठ्या लावताना तुमच्या ते लक्षात आलं आणि तुम्ही ॲप्रनही न काढता त्याच्या घरी धावलात. मला एवढंच हवंय की तो कितव्या मजल्यावर राहायचा, आणि दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलला? घरी येऊन तुम्ही सगळं सांगितलं होतंत, पण माझ्या डोक्यातून गेलं. विभागाच्या कामासाठी लागतंय. बाकी काही नाही.

इकडे सगळं ठीक. तेव्हा आपण पाच टेक्निशियन होतो, आता बारा आहेत. तीन खिडक्यांच्या सहा झाल्या. तिसऱ्या खिडकीवर, म्हणजे तुमच्या जागी, मिशीकाका बसतात. पन्नाशीचे आहेत, चार दुकानं पालथी घालून आमच्याकडे आले. कामाला चोख, पण इतके सावकाश की रांगेतला माणूस औषध मिळायच्या आधीच बरा होऊन घरी जाईल. लेक नोकरीला लागली. तुमची आठवण काढते.

दादाला तुमच्याबद्दल विचारलं की ‘बरी आहे’ म्हणतो. तो दोन शब्दांच्या पुढे कधी गेलाय! तुम्ही गुडघ्यांमुळे औषधाचं काम सोडलंत असंही एकदा म्हणाला. आता कसे आहेत गुडघे?

त्या वेळी जो काही गैरसमज झाला त्याला आता अकरा वर्षं झाली. उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल.

तुमची नणंदबाई


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. दादाचा निरोप आला, ‘पत्र पोचलं. तिने वाचलं.’ दादाच्या मानाने हे भाषणच.

विभागाचं काम म्हणजे काय, ते मी लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं. आपल्याकडे टेक्निशियनला इन्चार्ज करायची पद्धत सुरू झाली, ती आता आणखी सहा हॉस्पिटलं उचलताहेत. तिथल्या टेक्निशियनांसाठी एक पुस्तिका निघतेय. पहिलं प्रकरण माझं, फोटोसकट. नाव ठेवलंय ‘माझी चूक’.

कुठली चूक, ते तुम्हाला सांगायला नको.

नवीन टेक्निशियन आले की पहिल्या दिवशी मी त्यांना ही गोष्ट सांगते. अकरा वर्षं सांगतेय. गेल्या महिन्यात एकीने विचारलं, ‘मॅडम, तो शिंपी काय म्हणाला?’ मी पटकन म्हटलं, ‘म्हणाला, पोरी, देवासारखी धावून आलीस.’ सगळ्यांना आवडलं. तो असं काही म्हणाला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचं वाक्य सांगताना तुम्ही हसत होतात, एवढंच आठवतं. देवाबिवाचं काही असतं तर तुम्ही हसला नसतात.

आता मुलाखतीचं. तुम्ही म्हणाल, मला ठाऊक असलेलं मलाच काय सांगतेस. पण माझ्या बाजूने मी ते कधी बोललेच नाही. तुम्ही विचारलंत नाही, मी सांगितलं नाही.

तोवर आपल्या डोक्यावर कायम कुणीतरी फार्मासिस्ट असायचा. टेक्निशियनने गोळ्या मोजाव्यात, लेबलं लावावीत आणि गप्प बसावं. मोठ्या साहेबांनी पहिल्यांदाच ठरवलं की खिडक्यांचा, साठ्याचा आणि माणसांचा कारभार टेक्निशियनच्या हाती द्यायचा. ती जागा तुमची, हे शिपायापासून सगळे धरून चालले होते. अर्ज कर म्हणून माझ्या मागे तुम्हीच लागलात. ‘दोन नावं असली की निवड खरी दिसते. आणि तुझीही भीड चेपेल,’ म्हणालात.

आदल्या संध्याकाळी तुम्ही भाजी निवडत होतात आणि मी दादाचा चष्मा नाकावर ठेवून साहेब झाले होते. ‘बाई, आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा.’ तुम्ही शिंप्याची गोष्ट सांगितलीत. मग म्हणालात, ‘साहेब, लेबल चुकलं ही एक चूक. ते कुणाला सांगायची सोय नव्हती ही दुसरी, आणि तीच मोठी. मी इन्चार्ज झाले तर एक वही ठेवीन. आपली चूक ज्याची त्याने लिहायची, नाव न घालता. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. लपवणाऱ्याला आहे.’ मी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अगदी तोच प्रश्न विचारला. माझं डोकं रिकामं झालं. माझ्याकडे स्वतःचं सांगायला काही नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी एकही आठवेना. घाबरले आणि तोंडातून तुमची गोष्ट गेली. ‘मी’ म्हणून. वहीसकट.

घाबरल्यावर माणसाचं असं होतं, वहिनी. तुम्ही समजून घ्याल.

नणंदबाई


१९ एप्रिल

वहिनी,

परवा दुपारी मिशीकाका माझ्या खोलीत आले. दार लोटलं आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहिले. ‘मॅडम, माझ्या हातून गेलंय.’

साखरेच्या गोळीच्या शेजारी जवळपास त्याच नावाची दुसरी गोळी ठेवलेली असते. एका बाईंना त्यांनी ती दिली होती. ड्यूटी संपताना साठा मोजला तर एक पाकीट इथे जास्त, एक तिथे कमी. बाईंचा फोन नंबर चिठ्ठीवर होता. लावला. त्यांनी अजून गोळी घेतली नव्हती. रिक्षा करून त्या परत आल्या, काकांनी खिडकीतून बाहेर येऊन त्यांची माफी मागितली, पाकीट बदललं. संपलं.

पण काका जाईनात. म्हणाले, ‘मी चार दुकानांत काम केलंय. चारही ठिकाणी असं घडलं, आणि चारही वेळा मी तोंड शिवून बसलो. एकदा फार वाईट झालं. माझं नाही, गिऱ्हाईकाचं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी शिंप्याची गोष्ट सांगितलीत, म्हणून आज इथवर आलो.’

आणि त्यांनी मला हात जोडले. मी ‘असू दे, असू दे’ म्हणत राहिले. ते हात तुझ्यासाठी होते, वहिनी. मी घेतले.

बघ, लिहिता लिहिता ‘तू’वर आले. अकरा वर्षांपूर्वी ‘तू’च म्हणत होते की. तसंच राहू दे, ‘तुम्ही’ लिहिलं की मला खोटं बोलायला सोपं जातं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी घाबरले नव्हते.

यादीत तुझं नाव आधी होतं. आपण दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मी म्हटलं, ‘वहिनी, माझ्या पोटात गोळा आलाय. मला आधी जाऊ दे, एकदाची सुटू दे.’ तू म्हणालीस, ‘जा बाई, जा.’ माझी निसटलेली पिन काढून केसांत नीट खोचलीस. पोटात गोळाबिळा काही नव्हता. आदल्या संध्याकाळी दादाचा चष्मा काढून ठेवतानाच मला कळलं होतं की तुझ्या या उत्तरापुढे कुणाचं काही चालणार नाही. रात्रभर ते उत्तर मी ‘मी’ लावून मनात म्हणत होते.

का, हे तू विचारशील. मीही विचारते. संसार मोडून पोरीला घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा तूच दार उघडलंस. तूच मला कोर्सला घातलंस, तूच खिडकीवर उभं राहायला शिकवलंस. लेबल लावायच्या आधी मोठ्याने वाचायचं, हेही तुझंच. घरात चार वर्षं तू मला एकदाही परकेपणा जाणवू दिला नाहीस. आणि तेच मला सलायचं. तू एकदा जरी भांडली असतीस, टोमणा मारला असतास, तर बरोबरी झाली असती. उपकाराखाली वाकलेला माणूस किती दुष्ट होऊ शकतो, हे मला स्वतःवरून कळलं. मला एकदा, एकदाच, तुझ्या वर उभं राहायचं होतं.

माझ्यानंतर तू आत गेलीस आणि पाच मिनिटांत बाहेर आलीस. मी बाकावर तशीच बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालीस, ‘चल, खिडकी उघडायची वेळ झाली.’ आणि दिवसभर तिसऱ्या खिडकीतून पिशव्या देत राहिलीस, एकेक लेबल मोठ्याने वाचत.

निकाल लागल्यावर सगळ्यांदेखत तू माझं अभिनंदन केलंस. तीन महिन्यांत दादाने लांबची बदली मागून घेतली. निघताना तू मला एवढंच म्हणालीस, ‘नीट सांभाळ.’ विभाग की पोर, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता पेच असा की खरं सांगितलं, तर मिशीकाका पुन्हा कधी कुणाच्या दारात येऊन उभे राहतील का? नाही सांगितलं, तर पुस्तिका छापून येईल आणि आणखी सहा ठिकाणची माणसं मला हात जोडतील. तू असतीस तर काय केलं असतंस?

अकरा वर्षं प्रत्येक अडचणीत मी मनात हेच विचारत आले. आणि तुझं जे उत्तर मनात यायचं, ते माझ्या नावावर खपवत आले.

नणंद


८ जून

वहिनी,

साहेबांकडे जाऊन आले. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तळमजल्यावर राहतात, कमी ऐकू येतं. टेबलावर त्यांच्याच औषधांचे डबे मांडलेले. मला म्हणाले, ‘या इन्चार्जबाई! आता माझा स्वतःचाच विभाग आहे. गिऱ्हाईक एकच, पण तक्रारी शंभर.’

पुस्तिकेचं कौतुक करायला लागले. मी म्हटलं, ‘साहेब, त्या दिवशी माझ्यानंतर वहिनी आत आल्या. तेव्हा आत काय झालं?’

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ‘कशाला जुनं उकरता? तुमच्याच घरातलं माणूस ते.’ मी हट्टाने विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

‘मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी शिंपी सुरू केला. मी दोन वाक्यांत थांबवलं. म्हटलं, बाई, हे आम्ही आत्ताच ऐकलं, तुमच्या नणंदेकडून. मग ही चूक नेमकी कुणाची? त्या टेबलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तिचीच. मी घरी ऐकली होती. घाबरले आणि तोंडातून गेली.’

घाबरले आणि तोंडातून गेली.

फेब्रुवारीत हेच शब्द मी तुला लिहिले होते, वहिनी. ते वाचून तुझं काय झालं असेल! मी सबब म्हणून जे पुढे केलं, ते तू माझ्यासाठी आधीच स्वतःच्या अंगावर घेऊन बसली होतीस.

साहेब पुढे बोलत होते. ‘मला फार वाईट वाटलं. इतकी कामाची बाई. पण दुसऱ्याचं प्रामाणिकपण आपलं म्हणून सांगणारं माणूस औषधांच्या जवळ नको, असं माझं मत. मी त्यांच्या फाइलमध्ये तसं लिहिलं. पुढे दोन हॉस्पिटलांनी त्यांच्याबद्दल विचारलं, त्यांनाही तेच कळवलं. लपवणं बरोबर नव्हतं.’

दोन हॉस्पिटलं. म्हणजे तिकडे गेल्यावर तू दोनदा अर्ज केला होतास. आणि दादाने मला गुडघे सांगितले. तुझे गुडघे कधी दुखले होते? आठ-आठ तास उभी राहून वर घरी येऊन माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन नाचायचीस.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. बाल्कनीत कपडे वाळत घालणारी त्यांची सून थांबून ऐकत होती. मी थांबले नाही. बाकावरचं, केसांतल्या पिनेचं, सगळं.

ते समोरच्या डब्यावरचं लेबल बघत बसले. मला वाटलं ऐकूच गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सुरुवात करणार होते. त्यांनी हात वर केला.

‘ऐकलं मी. चाळीस वर्षं लोकांना शिकवलं, लेबल लावायच्या आधी आत काय आहे ते बघा. आणि मी एका बाईवर चुकीचं लेबल लावून तिला दोन ठिकाणी पाठवलं.’

मग म्हणाले, ‘कागद आणा.’ त्यांचा हात कापतो. एक पान लिहायला तासभर लागला. मी मदत करते म्हटलं, तर डोळे वटारले, ‘तुम्ही नको.’

निघताना ‘या’ म्हणाले नाहीत.

नणंद


२ ऑगस्ट

वहिनी,

सोबत साहेबांच्या पत्राची मूळ प्रत आहे. एक-एक प्रत त्या दोन्ही हॉस्पिटलांना गेली, एक आपल्याकडच्या फाइलमध्ये लागली. लावताना मी समोर उभी होते.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी, खिडक्या उघडायच्या आधी, मी सगळ्यांना आतल्या कपाटांपाशी बोलावलं आणि सांगितलं. शिंपी माझ्या वहिनीचा. वही तिची. मी मुलाखतीत चोरली. सुरुवातीला एक जण हसला. त्याला वाटलं, हाही प्रशिक्षणाचाच भाग. मग कुणीच हसेना.

पहिले मिशीकाका बोलले. ‘म्हणजे ज्या बाईंच्या भरवशावर मी त्या दिवशी तुमच्या खोलीत आलो, त्या तुम्ही नव्हता.’

‘नाही.’

‘मग त्या आहेत कुठे?’

मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘गाव नाही विचारलं. त्या आता कुठे काम करतात?’

मला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षांत मी दादाला हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

पुस्तिकेच्या मंडळींना मी म्हटलं, प्रकरण ठेवा, नाव वहिनींचं घाला. ते म्हणाले, ‘त्या नोकरीत नाहीत. उगाच वाद नको.’ प्रकरणच काढून टाकलं. आता पहिल्या पानावर साठा कसा मोजावा ते आहे.

इन्चार्जपदाचा राजीनामा दिला तर वरचे म्हणतात, ‘एवढी जुनी गोष्ट, कशाला मनाला लावून घेता?’ मी तीनदा दिला. तिसऱ्यांदा घेतला. इन्चार्ज म्हणून तूर्त मिशीकाका आहेत. त्यांनी ‘मला जमायचं नाही’ म्हणून आठवडाभर घोळ घातला. मी तिसऱ्या खिडकीवर बसते. बाकीचे माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं बरोबर आहे.

वाईट याचं की वही कोरी राहिलीय. आधी आठवड्याला चार-पाच नोंदी व्हायच्या. आता महिना होत आला, एक ओळ नाही. चुका थांबल्यात असं थोडंच आहे? मी जे घेतलं ते तुझं होतं, आणि परत करायला गेले तेव्हा तेही मोडून ठेवलं.

लेकीला सांगितलं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामी गेली तेव्हा मी चौथीत होते. मी तुला विचारलं, मामी का गेली? तू म्हणालीस, मामाची बदली झाली. मी मामीवर रागावले होते, आई. मला न सांगता गेली म्हणून. अजूनपर्यंत रागावले होते.’

तिच्यापुरती तरी मामी तिला परत मिळाली असेल, तर तू तिचा फोन उचल. माझा नको उचलूस.

नणंद


१४ सप्टेंबर

वहिनी,

परवा तुझा फोन आला. तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहे, पण मला ते कागदावर ठेवायचंय. माझ्या डोक्याचा भरवसा नाही. ते सोयीचं तेवढंच ठेवतं.

जेवणाची सुट्टी होती. अनोळखी नंबर. मी ‘कोण?’ म्हटलं तर तू म्हणालीस, ‘मी.’ माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

‘साहेबांचं पत्र मिळालं,’ म्हणालीस. ‘अक्षर बरंच बिघडलंय त्यांचं.’

मी म्हटलं, ‘वहिनी, त्या पत्रावर आता तुला तिकडे...’

‘मला बावन्नावं लागलंय,’ तू म्हणालीस. ‘अकरा वर्षांत निम्मी औषधं बदलली. हा कागद घेऊन मी कुठल्या खिडकीत जाऊन बसू?’ रागाने नाही म्हणालीस. भाजी संपली सांगावं तसं. मग सांगितलंस की शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आहेस, सात वर्षं झाली, मालक बरा आहे.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तू म्हणालीस, ‘ते आज नको. होईल तेव्हा होईल, नाहीतर नाही होणार. जागा गेली त्याचं मी एक-दोन वर्षांत विसरले. पण आदल्या संध्याकाळी तू चष्मा लावून बसलीस, तेव्हा मला वाटलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं नीट ऐकतंय. ते नाही विसरता येत.’

मग तू विचारलंस, ‘वहीत कोणी लिहायला लागलं का?’

मी नाही म्हटलं.

‘कसे लिहितील? तू स्वतःची कधी लिहिलीस?’

मी आठवून पाहिलं. अकरा वर्षांत दोन हजारांच्या वर नोंदी. माझी एकही नाही. मी इन्चार्ज होते, माझी गोष्ट तर झालीच होती, सांगून सांगून गुळगुळीत झालेली.

‘हेच तर,’ तू म्हणालीस. ‘आधी इन्चार्जने लिहायची. आणि आजची. जुनी नाही, जुनी कुणालाही सांगता येते. तुझ्या त्या मिशीवाल्यांना सांग, पहिले सहा महिने कुणी काही लिहिलं की विचारायचं नाही कोणी केलं, विचारायचं तेव्हा रांग केवढी होती. आणि ज्या दिवशी एकही नोंद नाही, त्या दिवशी खूश होऊ नका. त्या दिवशी घाबरा.’

तू बोलत होतीस आणि मी ऐकत होते. वहिनी, मी अकरा वर्षं तो विभाग चालवला. लोकांनी वाखाणला, सहा हॉस्पिटलांनी उचलला. आणि तू वह्या-पुस्तकांच्या दुकानात उभी राहून दोन मिनिटांत जे बोललीस, ते मला कधी सुचलं नव्हतं. मला आजवर वाटायचं, मी तुझी खुर्ची घेतली. त्या खुर्चीत तू बसली असतीस तर काय काय झालं असतं, ते त्या क्षणी कळलं. ते कुणाला परत करायचं?

मग माझ्या लक्षात आलं, माझ्या हातात पेन आहे. समोरच्या चिठ्ठीच्या मागे मी तुझं वाक्य न् वाक्य उतरवून घेत होते. हात आपोआप चालला होता. मी पेन खाली ठेवलं.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘हे सगळ्यांना सांगू का? तुझं नाव घेऊन?’

तिकडे कुणीतरी चौरेघी वही मागत होतं. तू त्यांना ‘थांबा हं’ म्हणालीस. मग मला म्हणालीस, ‘सांग. आणि नाव पूर्ण सांग.’

फोन ठेवलास.

आज सकाळी सांगितलं. मिशीकाकांनी तुझं बोलणं शब्दाला शब्द फळ्यावर लिहून घेतलं, त्यांच्या त्या सावकाश अक्षरात, आणि खाली तुझं पूर्ण नाव. मग बाजूला सरकून मला म्हणाले, ‘बाई, एकदा तपासा. तुम्हीच ओळखता त्यांना.’

मी जवळ जाऊन मोठ्याने वाचलं. बरोबर होतं.

तुझी नणंद